ठाण्याहून विमानाने निघताना खरा वेळ किती लागतो, तो कसा काढायचा (नागपूर, गोवा, दुबई, लंडन सगळ्यांसाठी)

माझं माहेर नागपूरचं आणि घर घोडबंदर रोडला कासारवडवलीत, त्यामुळे "नागपूरला किती वेळ लागतो गं" हा प्रश्न मला लग्नापासून विचारतायत आणि मी पण वर्षानुवर्षं एकच उत्तर द्यायचे, दीड तास. तिकिटावर लिहिलेलं असतं ना. मग एकदा दुपारी चारला दादाचा फोन आला की बाबांना अ‍ॅडमिट केलंय, ये. मी म्हटलं संध्याकाळची फ्लाइट मिळतेय, दीड तासाचीच आहे, आठपर्यंत पोचते. दादाने तेच बाबांना सांगितलं. प्रत्यक्षात पावणेपाचला घर सोडलं, माजिवड्याला अडकले, पोचले तेव्हा काउंटर बंद झाला होता, नशिबाने वेब चेक-इन केलेलं आणि हातात एकच बॅग होती म्हणून आत गेले, त्यात विमान रनवेच्या रांगेत उभं राहिलं, आणि हॉस्पिटलच्या दारात पोचले तेव्हा पावणेअकरा वाजले होते. बाबा आठपासून विचारत होते, काहून नाही आली अजून. बाबा आता ठणठणीत आहेत पण ते तीन तास माझ्या डोक्यातून जात नाहीत. उशीर झाला याचं नाही एवढं, मी वेळच चुकीची सांगितली याचं वाईट वाटतं.

तेव्हापासून मी हे नीट शिकले, आणि आता घरात, सोसायटीत कोणी निघालं की बसून काढून देते. फार अवघड नाहीये, फोनचा कॅल्क्युलेटर आणि दहा मिनिटं लागतात.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. "किती लांब" आणि "किती वेळ" याची तीन वेगवेगळी उत्तरं असतात, एक विमानाचं सरळ अंतर, दुसरं तिकिटावरचा वेळ, तिसरं तुमच्या दारापासून त्यांच्या दारापर्यंतचा वेळ. लोक पहिल्या दोघांवरून तिसरं धरतात आणि तिथेच सगळं फसतं.

सरळ अंतर काढायचं कसं

मॅपवर एअरपोर्टवर बोट दाबून धरलं की दोन आकडे येतात, पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. मुंबईचे साधारण 19.09 आणि 72.87. नागपूरचे 21.09 आणि 79.05. आता वजाबाकी करा, अक्षांशात फरक 2.00, रेखांशात 6.18. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जवळपास 111 किलोमीटर, तो जगात कुठेही तेवढाच, म्हणून 2 गुणिले 111 झाले 222. रेखांशाचं तसं नसतं, कारण रेखांशाच्या रेषा विषुववृत्तावर लांब लांब असतात आणि ध्रुवाकडे जाता जाता एकमेकींना चिकटतात, म्हणून 111 ला मधल्या अक्षांशाच्या कॉसने गुणायचं. दोन्ही गावांच्या मधला अक्षांश 20.09, त्याचा कॉस 0.94, म्हणजे 6.18 गुणिले 111 गुणिले 0.94, साधारण 645. (बऱ्याच फोनमध्ये कॅल्क्युलेटर आडवा धरला की कॉसचं बटण येतं, फक्त ते डिग्रीवर आहे ना ते बघा, रेडियनवर असेल तर भलतंच उत्तर येईल.) आता शाळेतला पायथागोरस, 222 चा वर्ग अधिक 645 चा वर्ग, त्याचं वर्गमूळ. उत्तर 682 किलोमीटर.

हे भारतातल्या भारतात एकदम चालतं. दिल्ली याच पद्धतीने 1,138 येते, बेंगळुरू 834. मला हे पहिल्यांदा जमलं तेव्हा खरंच खूप आनंद झाला, कारण शाळेत कॉस कशाला शिकवतात हा प्रश्न तेव्हा कुठे सुटला.

लांबच्या देशांसाठी मात्र हे वापरू नका. पृथ्वी गोल आहे आणि आपण भिंतीवरच्या नकाशावर सपाट मोजतो, त्यामुळे न्यूयॉर्क वगैरेसाठी आकडा पार चुकतो. त्यासाठी घरात मुलांचा पृथ्वीचा गोल असेल तर तो घ्या, एक दोरा मुंबईवर धरा आणि ताणून न्यूयॉर्कवर टेकवा. दोरा अरबी समुद्र, आफ्रिका करत सरळ पश्चिमेला जात नाही, तो वर युरोपच्या बाजूने चढून मग खाली उतरतो. तेच सगळ्यात जवळचं अंतर, साधारण साडेबारा हजार किलोमीटर. सीटसमोरच्या स्क्रीनवर विमान कमानीसारखं वाकडं का जातंय असं वाटतं ना, ते वाकडं नसतं, नकाशा सपाट असतो. लंडन साधारण 7,200, दुबई 1,930 धरा. दुबई तशी जवळ असल्याने कॅल्क्युलेटरवाली पद्धतही तिथे चालून जाते.

आणि कुठे आकड्यापुढे "एनएम" लिहिलं असेल तर ते किलोमीटर नाहीत, सागरी मैल आहेत. एक सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर. विमानाचा वेग पण नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत सांगतात, तोही त्याच आकड्याने गुणायचा.

अंतरावरून वेळ

मोठी जेट विमानं, म्हणजे आपण नेहमी बसतो ती एअरबस 320 किंवा बोइंग 737, वर गेल्यावर ताशी 830-840 किलोमीटरच्या आसपास जातात. म्हणून 682 भागिले 830 केलं तर पन्नासेक मिनिटं येतात आणि माणूस म्हणतो मग तिकिटावर दीड तास का. कारण तिकिटावरचा वेळ हा हवेतला वेळ नसतोच. विमान गेटवरून मागे ढकललं तिथपासून ते पलीकडच्या गेटवर जाऊन उभं राहिलं तिथपर्यंत, असा तो मोजतात, त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात रनवेपर्यंत सरपटत जाणं आलं, रांग आली, चढणं-उतरणं आलं जेव्हा वेग कमी असतो (दहा हजार फुटांच्या खाली साधारण 250 नॉटची मर्यादा असते), आणि आकाशातले रस्तेही सरळ रेषेत नसतात.

मुंबईचं तर आणखी वेगळं. मुंबईत दोन रनवे आहेत पण ते एकमेकांना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी बिनधास्त वापरता येत नाहीत, एका वेळी एकावरच काम चालतं. वर्षातले बरेच दिवस विमानं समुद्राच्या दिशेने उडतात. म्हणजे तुम्हाला जायचंय पूर्वेला नागपूरला आणि विमान आधी जुहूवरून समुद्रात जातं, मग वळतं आणि परत मुंबईच्याच बाजूने मागे येतं. येताना पण तसंच, नवी मुंबईकडून खाडी ओलांडून घाटकोपरवरून उतरतात. ऐरोली-कोपरखैरणेला राहणाऱ्यांना संध्याकाळी एकामागोमाग एक दिवे दिसतात ती हीच उतरायची रांग. आणि रांग लांबली की विमानाला हवेतच गोल गोल फिरवत ठेवतात, पावसाळ्यात तर जास्तच.

माझा हिशोब असा, किलोमीटरला 800 ने भागा, मिनिटं करा आणि त्यात 40 मिनिटं मिळवा. नागपूर 51 अधिक 40, दीड तास. दिल्ली 85 अधिक 40, दोन तास पाच मिनिटं. बेंगळुरू पावणेदोन तासांच्या आत-बाहेर. दुबई तीन तास पाच. लंडन नऊ तास चाळीस. तिकिटावरच्या वेळेच्या पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे येतं, तेवढं बास आहे. छोट्या गावाला पंख्याचं एटीआर विमान असेल तर मात्र 800 ऐवजी 500 ने भागा, ते ताशी पाचशेच्या थोडं वरच जातं. बुक करताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो वाचायची सवय लावा.

जाताना आणि येताना वेळ वेगळा का, हे पण खूप जण विचारतात. वर नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचं वारं वाहतं, जेट स्ट्रीम म्हणतात त्याला, थंडीत ते उत्तर भारतावरून जातं आणि चांगलंच जोरात असतं. पूर्वेला जाताना ते पाठीवर, पश्चिमेला जाताना तोंडावर. म्हणून मुंबई-कोलकाता जाताना कमी आणि परत येताना वीसेक मिनिटं जास्त लागतात. न्यूयॉर्कला जाताना सोळा तासांच्या आसपास, येताना तास-दीड तास कमी.

आणि रस्ताच बंद असला तर अंतर वाढतं. 2019 मध्ये फेब्रुवारी ते जुलै पाकिस्तानचं आकाश बंद होतं, परत एप्रिल 2025 मध्ये त्यांनी भारतीय कंपन्यांच्या विमानांना ते बंद केलं, आणि दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्यांना वळसा पडला. म्हणून लांबच्या प्रवासाला माझं गणित फक्त अंदाजाला ठेवा. फ्लाइटरडार24 या साइटवर तुमचा फ्लाइट नंबर टाकला की मागच्या काही दिवसांत ते विमान खरंच किती वाजता सुटलं आणि किती वाजता टेकलं ते दिसतं. मी तिकीट काढायच्या आधी हे बघतेच. तीच फ्लाइट रोज पाऊण तास उशिरा टेकत असेल तर तिकिटावरच्या वेळेवर विसंबून रिसेप्शनला जायचं ठरवू नका.

आता खरा भाग, ठाणे ते गेट

सगळ्यात आधी तिकिटावर तीन अक्षरं बघा. बीओएम म्हणजे सहार-सांताक्रूझचा जुना एअरपोर्ट, एनएमआय म्हणजे नवी मुंबईचा. नवी मुंबईहून 25 डिसेंबर 2025 पासून विमानं सुटायला लागली आणि आता शोधताना "मुंबई" टाकलं की दोन्हीकडची येतात, स्वस्त दिसलं म्हणून बटण दाबलं आणि नंतर कळलं की उलवेला जायचंय, असं होऊ शकतं. बीओएम असेल तर टर्मिनल 1 की 2 ते पण बघा, दोघांची दारं वेगळ्या रस्त्यांवर आहेत, चुकलात तर वीस-तीस मिनिटं गेलीच.

कासारवडवलीहून टर्मिनल 2 साधारण तीस किलोमीटर. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे, मुलुंडचा आनंदनगर नाका, पुढे जेव्हीएलआरने (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) पवई, मग मरोळ. नाक्यावर ऑक्टोबर 2024 पासून छोट्या गाड्यांचा टोल बंद झाला, ती रांग गेली हे खरं, पण घोडबंदर रोडचं काय करणार. पहाटे साडेचारला निघालात तर पाऊण तासात पोचता, संध्याकाळी पाचला निघालात तर पावणेदोन-दोन तास धरा, आणि पाऊस असेल तर त्यावर अजून अर्धा. मॅपमध्ये "आत्ता" किती लागतंय ते बघू नका, "अमुक वाजता निघालो तर" असं टाकायची सोय असते ती वापरा, आणि तो जी रेंज दाखवतो त्यातला मोठा आकडा घ्या. लहान नाही. मोठा.

संध्याकाळच्या फ्लाइटला एकटी आणि एकच बॅग असेल तर मी आता गाडी करतच नाही. ठाण्याहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो 1 ने मरोळ नाका, तिथे मेट्रो 3 ला बदलायचं आणि पुढचंच स्टेशन टर्मिनल 2. ऑफिस सुटायच्या वेळेला सगळी गर्दी आपल्या उलट्या दिशेने येत असते त्यामुळे लोकलमध्ये बसायला पण मिळतं, घाटकोपरला मात्र पुलावर धक्के खावे लागतात. ठाणे स्टेशनपासून सव्वा तास धरा, आणि हा सव्वा तास रोज सव्वाच असतो हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. म्हातारी माणसं, लहान मूल, दोन मोठ्या बॅगा असतील तर नको, जिने आणि बदलाबदली खूप आहे.

नवी मुंबईच्या एअरपोर्टला ठाणे स्टेशनपासून तीस-पस्तीस किलोमीटर. कळवा नाका, विटावा, मग ठाणे-बेलापूर रोड, किंवा मुलुंडकडून ऐरोलीच्या पुलावरून. ऐरोली, घणसोली, वाशीवाल्यांना हाच जवळ. आमच्यासारख्या घोडबंदरवाल्यांना किलोमीटरमध्ये फार फरक नाही, वेळ बघून ठरवायचं. मी तर दोन्ही फ्लाइटचा भाव आणि दोन्हीकडच्या टॅक्सीचा भाव मिळवूनच बघते, कारण तिकिटात वाचवलेले पाचशे टॅक्सीत जाऊ शकतात.

काउंटर देशातल्या फ्लाइटला बहुतेक ठिकाणी तासभर आधी बंद होतो, गेट 25 मिनिटं आधी. म्हणून देशात दोन तास आधी आणि परदेशात तीन तास आधी दारात असायचं, हा वेळ पण प्रवासातच धरायचा.

मग नागपूरचा हिशोब पहाटेच्या फ्लाइटसाठी असा होतो. घर ते टर्मिनल पाऊण तास, तिथे दोन तास, फ्लाइट दीड तास, उतरून बॅग घ्यायला अर्धा तास, सोनेगावचा एअरपोर्ट गावाला लागूनच आहे, सीताबर्डी सात-आठ किलोमीटर, म्हणजे दारात पोचायला अजून अर्धा तास. झाले सव्वापाच तास. संध्याकाळच्या फ्लाइटला साडेसहा. दीड तास कुठे आणि साडेसहा कुठे!

मग विमानच कशाला, हे पण बघा

नागपूरला सीएसएमटीहून रेल्वेचं अंतर 837 किलोमीटर. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा, तो तर आपल्याच जिल्ह्यात भिवंडीजवळ आमणेला सुरू होतो, इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा 5 जून 2025 ला उघडला. गाडीने सरकार आठ तास सांगतं, घोडबंदरहून आमणेपर्यंत जाणं, दोन वेळा थांबणं धरून मी दहा सांगते, आणि एकट्या ड्रायव्हरने सलग चालवू नये, तो रस्ता सरळसोट आहे, डोळे मिटतात. चौघं जण असाल तर पैशाने गाडी परवडते. रात्रीच्या ट्रेनला तेरा-चौदा तास लागतात पण झोपेत जातात, सकाळी उठलं की नागपूर. तातडी असेल तर विमान, नाहीतर मी अजूनही ट्रेनच धरते.

गोव्याचं वेगळं. फ्लाइट सव्वा तासाची, पण गोव्यात दोन एअरपोर्ट आहेत, दक्षिणेला दाभोळी आणि उत्तरेला मोपा, मोपाहून 5 जानेवारी 2023 पासून विमानं सुरू झाली. मडगावला लग्न आणि तिकीट मोपाचं असेल तर उतरल्यावर साठ-सत्तर किलोमीटरची टॅक्सी. घर ते घर सहा तास सहज. आणि मडगावची वंदे भारत ठाण्याला थांबते, पावसाळा सोडून सीएसएमटीपासून पावणेआठ तास घेते. दोन तासांसाठी एवढी धावपळ मी करणार नाही, त्यात खिडकीतून कोकण दिसतं ते वेगळंच.

पुण्याला विमान शोधू नका. खरंच विचारलंय मला एकाने.

परदेशाचं घड्याळ

तिकिटावर सुटायची वेळ इथली आणि पोचायची वेळ तिथली असते. दुबई आपल्या दीड तास मागे. सकाळी 10 ला सुटून 11.45 ला पोचतं असं लिहिलं असेल तर तो पावणेदोन तासांचा प्रवास नाही, त्यात दीड मिळवा, सव्वातीन तास. येताना उलटं, रात्री 10 ला सुटून 2.30 ला टेकलं तर साडेचारातून दीड वजा, तीन तास. लंडन हिवाळ्यात साडेपाच तास मागे आणि उन्हाळ्यात साडेचार, कारण ते लोक मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. तिथे मुलगा-सून असतील तर या दोन रविवारांच्या आसपासचा हिशोब त्यांच्याकडूनच तपासून घ्या.

आता तारीख, आणि हे कृपा करून दोनदा वाचा. परदेशातली कितीतरी विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर 14 तारीख, 12.40 एएम असं लिहिलं असेल तर तुम्हाला 13 तारखेला रात्री साडेनऊला एअरपोर्टवर असायचंय. आमच्या मजल्यावरच्या एक काकू 14 ला रात्री जेवून, सगळ्यांना भेटून निघाल्या, विमान आदल्या रात्रीच गेलेलं. त्यांची चूक नाही हो, आपल्याकडे दिवस सूर्योदयाला बदलतो, पंचांग तसंच बघतो आपण, पण तिकिटाचा दिवस रात्री बाराला बदलतो. म्हणून मी कॅलेंडरवर विमानाची वेळ लिहीतच नाही, घर सोडायची वेळ लिहिते. 13 तारखेच्या चौकोनात, लाल पेनाने, रात्री 7.30 निघणे.

वाट बघणाऱ्याला काय कळवायचं

मी तीनच मेसेज करते. घर सोडताना दारात पोचायची वेळ सांगते, आणि ती अर्धा तास वाढवूनच सांगते. विमानाचं दार बंद व्हायच्या आधी, फोन फ्लाइट मोडवर टाकताना, "आत बसले, आता दोन तास फोन लागणार नाही, काळजी करू नका" एवढं. आणि टेकल्यावर लगेच नाही, बॅग हातात आल्यावर, कारण टेकल्यावर फोन केला की घरचे लगेच चहा टाकतात आणि दारात येऊन उभे राहतात, आणि आपण अजून बेल्टवर बॅग शोधत असतो. बाबा 78 वर्षांचे आहेत, गेटपाशी उभं राहायची त्यांची सवय काही जात नाही. मागच्या खेपेला मी त्यांना म्हटलं साडेदहा, आणि दहा वीसला रिक्षातून उतरले, तर ते नुकतेच चपला घालत होते.